टेकडी नसलेले शहर पायीच दाखवावे लागेल

पुण्यात आलेल्या पाहुण्याला पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढवल्या की शहर कोठून कोठवर पसरले आहे, हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. साताऱ्यात हे काम अजिंक्यतारा करतो आणि छत्रपती संभाजीनगरात गोगाबाबा टेकडी. सोलापूरकराला निसर्गाने ही सोय ठेवलेली नाही. काळ्या मातीच्या सपाट पठारावर वसलेल्या या गावात किल्लादेखील भुईकोट आहे, आणि त्याच्या बुरुजावर उभे राहिले तरी तलाव, झाडी आणि जवळच्या इमारती यांपलीकडचे फारसे काही दिसत नाही. एका नजरेत न मावणारे शहर पाहुण्याला 'पाहण्यासारखे काही नसलेले' वाटते. त्याहून वाईट असे की, आपणही त्याच्या म्हणण्याला मान डोलावतो आणि त्याला दुसऱ्या दिवशी तुळजापूरला किंवा अक्कलकोटला नेऊन सोडतो.

सोलापुरात बाहेरून माणसे येत नाहीत, असे मुळीच नाही. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट आणि सीमेपलीकडचे गाणगापूर एकाच फेरीत करणारी कुटुंबे येथे मुक्काम करतात. विजापूरचा गोलघुमट पाहायला निघालेले लोकही येथूनच पुढे जातात. रेल्वेने हे शहर १८६० च्या सुमारास मुंबईशी जोडले, आणि २०२५ च्या जूनपासून गोव्याचे विमानही उडू लागले. पण या माणसांचा शहराशी येणारा संबंध ठरावीक असतो: सिद्धेश्वराचे दर्शन, तलावाकाठी एक फोटो, दुकानातून चादर आणि टॉवेल, पिशवीत शेंगाची चटणी आणि कडक भाकरी, की पुढची गाडी. महापालिकेने आणि शासनाने पर्यटनासाठी जो काही पैसा खर्च करायचा, तो या ठरावीक फेरीची ठिकाणे आणखी सजवण्यावर करावा, की पाहुण्याला पेठांमध्ये पायी फिरता येईल अशी व्यवस्था उभारण्यावर करावा, हा आजचा प्रश्न आहे. माझे मत दुसऱ्या बाजूचे आहे आणि ते सौंदर्यदृष्टीपेक्षा हिशेबातून आलेले आहे. सोलापूरजवळ दाखवण्यासारखी जी खरी संपत्ती आहे ती एखाद्या वास्तूत साठलेली नाही; वेगवेगळ्या भाषांच्या आणि धंद्यांच्या वस्त्या एकमेकींना खेटून कशा बसल्या, यात ती आहे. ही गोष्ट गाडीच्या काचेतून दिसत नाही.

२०१६ साली स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्याच यादीत सोलापूरचे नाव आले, तेव्हा या शहराला जो आनंद झाला तो खोटा नव्हता. त्यानंतर झालेल्या कामांपैकी काही कामे चांगली आहेत, हे मान्य केले पाहिजे. तरीही त्या काळापासून विचाराला एक वळण लागले आहे. ठिकाण निवडायचे, त्याला दिवे लावायचे, फरसबंदी करायची, कारंजे बसवायचे आणि प्रवेशद्वाराशी नावाची मोठी अक्षरे उभी करायची. ठिकाण सजते, पण दोन ठिकाणांमधला रस्ता आहे तसाच राहतो. तलावाकाठून निघून बाळीवेशीत पायी जायचे ठरवले, तर पदपथावर लावलेल्या दुचाकी, उघडी गटारे आणि तोंडावर येणाऱ्या रिक्षा यांतून वाट काढताना पाहुणा लवकरच हात वर करून रिक्षा थांबवतो. मग तो ज्या भागातून जातो, तो भाग त्याच्यासाठी दोन प्रेक्षणीय स्थळांमधले अंतर एवढाच उरतो.

वास्तविक पायी शहर पाहण्याची या गावची परंपरा कोणत्याही पर्यटन धोरणापेक्षा जुनी आहे. बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धराम, म्हणजेच आपले ग्रामदैवत सिद्धेश्वर, हे लिंगायत संत बसवण्णा आणि अल्लमप्रभू यांचे समकालीन. त्यांची वचने कन्नडमध्ये आहेत आणि त्या वचनांवर 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' ही मुद्रा, म्हणजे कवीची नाममुद्रा, आहे. आज ज्या तलावाकाठी आपण भेळ खात बसतो, तो त्यांनी लोकांच्या श्रमातून खोदून घेतला अशी परंपरा सांगते. त्यांनी या परिसरात ६८ लिंगांची स्थापना केली, आणि दरवर्षी जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत, मानकरी हिरेहब्बूंच्या वाड्यातून निघालेले सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, या ६८ लिंगांना प्रदक्षिणा घालून येतात. १३ तारखेला तैलाभिषेक, १४ तारखेला संमती कट्ट्यावर सिद्धरामांच्या प्रतीकात्मक विवाहाचा अक्षता सोहळा, त्यानंतर होम मैदानावरचा होमविधी, हा क्रम सोलापुरातल्या कोणत्याही जातीधर्माच्या माणसाला पाठ असतो. नंदीध्वजांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे आहेत आणि त्यांत मातंग समाजालाही मान आहे. ही प्रदक्षिणा म्हणजे शहराचा सर्वांत जुना नकाशा आहे. तो कागदावर काढलेला नाही, खांद्यावर काठी घेऊन चालणाऱ्यांनी तो पिढ्यानपिढ्या पायांनी जपला आहे. तरीही जुलै महिन्यात आलेल्या एखाद्या पाहुण्याला या ६८ पैकी चार लिंगे तरी पाहायची असतील, तर त्याच्या हाती देण्यासारखा साधा नकाशा आपल्याकडे नसतो.

उत्तर कसबा, दक्षिण कसबा, बाळीवेस, चाटी गल्ली या जुन्या भागात सकाळी फिरले तर कानावर कन्नड आणि मराठी अशा सरमिसळीने येतात की एकाच दुकानात भाव एका भाषेत होतो आणि सुटे पैसे दुसऱ्या भाषेत परत मिळतात. विजापूर वेशीकडे वळले की उर्दू ऐकू येते. तुळजापूर वेस, कुंभार वेस, पाणी वेस ही नावे राहिली आहेत, वेशी मात्र वाहतुकीत विरघळून गेल्या आहेत. या नावांच्या जागी साधी पाटी लावून 'येथे जुन्या गावाची हद्द संपत होती' एवढे लिहिले, तरी पाहुण्याला शहर कसे वाढत गेले याचा अंदाज येईल. पाटी मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही लिपींत असावी. त्यावरून वाद होईल, हे मी जाणून आहे. पण ज्या शहरात चारही भाषांच्या शाळा चालतात, तेथे चार लिप्यांची पाटी हे राजकारण नसून वस्तुस्थिती आहे.

पूर्व भागात शिरले की चित्र पालटते. साखर पेठ, जोडभावी पेठ, भद्रावती पेठ, कन्ना चौक, अशोक चौक, दत्तनगर या पट्ट्यात तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेल्या पद्मशाली विणकरांनी जे उभे केले, त्यालाच बाहेरचे जग सोलापूर समजते. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळाले ते २००५ च्या सुमारास. ती चादर या गल्ल्यांमधून निघालेली आहे. घराला लागून कारखाना, कारखान्यात जॅकार्डचे यंत्रमाग, एका कोपऱ्यात कांड्या भरणारी बाई, आणि यंत्राच्या खडखडाटात एकमेकांशी खुणांनी बोलणारे कामगार ही रचना जितकी टिकली आहे, तितकीच ती आता विरळही होत चालली आहे. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, नवरात्रात बायका फुलांचा बतुकम्मा रचून फेर धरतात, आणि हे सगळे मराठी मुलखाच्या एका शहरात कोणालाही परके वाटत नाही. दुकानातल्या काउंटरवर चादर विकत घेणाऱ्या पाहुण्याला आडवा धागा नेणारा धोटा कसा धावतो, पाठ-पोट दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी नक्षी कशी उतरते आणि त्या चादरीमागे किती हात लागतात, हे पाहायला मिळाले, तर तो भाव करताना दोनदा विचार करील. खोटी सोलापुरी चादर ओळखायला शिकवण्याचा याहून चांगला मार्ग मला दिसत नाही.

पेठा दाखवण्याचा आग्रह धरताना एक भीती मलाही आहे, आणि ती मला इतर आक्षेपांपेक्षा महत्त्वाची वाटते. वस्ती पाहायला जाणे आणि वस्तीतल्या माणसांकडे टक लावून पाहणे, यांत अंतर फार थोडे असते. पूर्व भागात उंबऱ्याशी बसून, मांडीवर सूप घेऊन, पान कापून विड्या वळणाऱ्या बायका शहराच्या अर्थव्यवस्थेचा मोठा भाग आहेत. कुंभारीजवळ त्यांच्यासाठी उभी राहिलेली घरकुले दीर्घ लढ्यातून मिळाली आहेत. त्यांच्या दाराशी वीस जणांचा घोळका कॅमेरे घेऊन थांबणार असेल, तर ते पर्यटन मला नको. तसेच 'सेटलमेंट' या नावाने आजही ओळखल्या जाणाऱ्या वस्तीचे. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांतल्या माणसांना येथे तारेच्या कुंपणाआड हजेरी देत राहावे लागले आणि त्यांतल्या अनेकांच्या श्रमावर गिरण्याही चालल्या. १९५२ साली तो कायदा गेला. हा इतिहास पाहुण्याला समजलाच पाहिजे, परंतु तो सांगण्याचा पहिला हक्क त्या समाजातल्या माणसांचा आहे. तेथे कोणाला न्यायचे, काय सांगायचे आणि त्याचे पैसे कोणाला मिळायचे, हे त्यांनीच ठरवावे. त्यांनी नको म्हटले, तर वाट तेथून जाणार नाही. यंत्रमाग कारखान्यालाही हाच नियम लागू करता येईल: आधी विचारून, ठरलेल्या वेळी, ठरलेले शुल्क देऊन जावे, आणि त्या शुल्काचा वाटा मालकाइतकाच मागावर उभ्या असलेल्या कामगारालाही मिळावा.

टेकडी नसलेल्या या शहराला दिशा दाखवण्याचे काम एके काळी गिरण्यांच्या चिमण्यांनी केले. १८७० च्या दशकात मुरारजी गोकुळदास यांनी काढलेली जुनी गिरणी ही पहिली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू आणि जाम या गिरण्या आल्या आणि हे गाव गिरणगाव झाले. गिरणीचा भोंगा हे घड्याळ होते आणि चिमणी ही खूण. शिवारातून परतणाऱ्याला गाव कोणत्या बाजूला आहे ते चिमणीवरून कळे. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, त्यांच्या जागांवर वसाहती आणि व्यापारी इमारती उभ्या राहिल्या. २०२३ च्या जूनमध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानसेवेला अडथळा ठरते म्हणून पाडण्यात आली, तेव्हा ती गिरणीची नव्हती आणि जुनीही नव्हती, तरी ती पाडताना पाहायला लोटलेली गर्दी आणि नंतरचा वाद यांवरून या शहराच्या मनात चिमणीला काय स्थान आहे, ते कळले. गिरण्यांचे जे काही अवशेष उरले असतील, मग ते दगडी भिंतीचा तुकडा असो, दरवाजा असो की कामगारांच्या चाळी, त्यांची नोंद करून त्यांना वाटेवर आणणे हे काम तलावातल्या कारंज्यापेक्षा निकडीचे आहे, कारण कारंजे पुढच्या वर्षीही बसवता येते. गिरणीत काम केलेली माणसेही आता वयाच्या अशा टप्प्यावर आहेत की त्यांच्याकडून ऐकायचे असेल तर ते लांबणीवर टाकता येणार नाही. या वाटांवरचे पहिले वाटाडे म्हणून मी त्यांचीच निवड करीन. त्यांच्या सोबतीला महाविद्यालयातली मुले असावीत, म्हणजे सांगणाऱ्याचे सांगणे कोणी तरी लिहूनही ठेवील.

या गिरणगावानेच १९३० साली जे केले त्याची तोड फार थोड्या शहरांना आहे. ६ एप्रिल १९३० रोजी सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकला. मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर शहर असे पेटले की काही दिवस इंग्रजी सत्ता येथे जवळजवळ उरली नव्हती, आणि मग सरकारने मार्शल लॉ पुकारला. मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. चार नावे वाचली तरी शहराची घडण कळते. त्यांचे पुतळे चौकात आहेत आणि सोलापूरकराला तो चौक ठाऊक आहे; पण पाहुणा त्या वर्तुळाला वळसा घालून जातो तो पुढच्या सिग्नलकडे लक्ष ठेवून. हुतात्म्यांचा स्मृतिदिन १२ जानेवारीला येतो आणि लगेच दुसऱ्या दिवशी नंदीध्वज निघतात. यात्रेसाठी आलेल्या हजारो माणसांना आदल्या दिवशी या चौकापासून कसब्यापर्यंत चालत नेऊन ती कहाणी सांगण्याचा कार्यक्रम नगरपालिकेची वारस असलेल्या महापालिकेने आखावा, यासाठी कोणत्याही मोठ्या निधीची गरज नाही. शेवट इंद्रभुवनात करता येईल. अप्पासाहेब वारद यांनी बांधलेल्या त्या देखण्या वास्तूत आज महापालिकेचे मुख्यालय आहे. फायली घेऊन आलेल्या नागरिकाला ती रोज दिसते आणि त्याने वर मान करून पाहण्याइतका वेळ त्याला कधीच नसतो. रविवारी सकाळी ती पाहुण्यांसाठी खुली ठेवावी. भैय्या चौकाजवळचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारकही याच फेरीत घेता येईल. १९१० साली सोलापुरात जन्मलेला आणि चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करत १९४२ साली गेलेला हा डॉक्टर परदेशी पाहुण्यांना ठाऊक असतो, आपल्या मुलांना मात्र परीक्षेपुरता.

'आधी रोज पाणी द्या, मग पाहुणे बोलवा' हा आक्षेप सोलापुरात कोणत्याही योजनेवर घेतला जातो आणि तो योग्यच आहे. उजनीसारखे धरण जिल्ह्यात असून नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहराने सजावटीवर खर्च करणे लाजिरवाणे आहे. पण मी मागतो आहे तो खर्च सजावटीचा नाही. सलग पदपथ, चौकाचौकात सावली देणारी झाडे, पिण्याचे पाणी, आणि विशेषतः स्त्रियांसाठी स्वच्छ स्वच्छतागृहे यांची गरज पाहुण्याला वर्षातून एकदा भासेल, तर पूर्व भागातल्या विडी कामगार स्त्रीला, शाळेत जाणाऱ्या मुलीला आणि बाजारात निघालेल्या म्हाताऱ्या माणसाला ती रोज भासते. पाहुण्याच्या निमित्ताने जर ही कामे झाली तर त्यात गैर काही नाही. उलट पाहुणा नसता तर ती अडगळीतच पडली असती, असा आजवरचा अनुभव आहे. पदपथ मोकळा करण्याच्या नावाखाली हातगाडीवाल्याला आणि फळे विकणाऱ्या बाईला हटवले जाऊ नये, एवढी अट मात्र लिखित स्वरूपात घालून ठेवली पाहिजे, कारण 'पर्यटन विकास' या शब्दांचा अर्थ आपल्या यंत्रणेत बहुधा अतिक्रमणविरोधी पथक असा होतो.

उन्हाचा मुद्दा निराळा. मे महिन्यात पारा ४३ अंशांवर जातो तेव्हा दुपारी येथे कोणी चालू नये आणि कोणाला चालवूही नये. त्याचे उत्तर गावाच्या दिनक्रमातच आहे. उन्हाळ्यात पेठ पहाटे जागी होते आणि संध्याकाळी पुन्हा भरते. वाटा त्याच वेळांना ठेवाव्यात आणि दुपार मोकळी सोडावी. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे महिने तर चालण्यासारखेच असतात, आणि त्याच काळात बतुकम्मा, हुरडा आणि गड्डा येतात.

पायी फिरण्यासारखे शहर करणे सोलापूरला जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी जानेवारीचा पहिला आठवडा आठवून पाहावा. नंदीध्वज उंच असतात, म्हणून त्यांच्या मार्गावर लोंबकळणाऱ्या तारांचा बंदोबस्त केला जातो, खड्डे बुजवले जातात, रस्ता झाडला जातो, वाटेतले अडथळे हटवले जातात. ही कामे त्याच महापालिकेचे तेच कर्मचारी करतात आणि मुदतीत करतात, कारण तारीख पुढे ढकलता येत नाही आणि मार्गावर नजर ठेवणारे लोक हजारोंनी असतात. यात्रा संपली की फेब्रुवारीत तारा पुन्हा खाली येतात आणि खड्डे पुन्हा उघडतात. पर्यटनासाठी नवे ठिकाण शोधण्याआधी येत्या अर्थसंकल्पात या एका मार्गाच्या बारमाही देखभालीसाठी वेगळे लेखाशीर्ष काढावे आणि त्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या समितीत यात्रेतल्या मानकऱ्यांबरोबर त्या मार्गावर राहणाऱ्या स्त्रियाही घ्याव्यात.